पांढऱ्या घोडीवर पांढरे केस

फुलचूरच्या भागीरथाबाईशी भांडायचं असेल तर माणसानं घरून जेवून निघावं. मधे सुट्टी मिळत नाही. अंगानं काडी, तोंडानं फटाका, आणि कपाळावर आठी अशी की बाळंतिणीच्या खोलीतूनच सोबत आणली असावी. नवेगाव बांधची लेक ती. तिथल्या तळ्यात भावांच्या आधी पोहायला शिकली. भाऊ रडत बापाकडे गेले तर बापानं भावांनाच दोन ठेवून दिल्या, आणि तेव्हापासून "आपलंच बरोबर" ही जी सवय लागली ती साठीला टेकली तरी सुटली नाही. वाईट एवढंच की बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं.

नवरा सेवकराम. गोंदियाच्या स्टेशनवर तीस वर्षं टांगा चालवला त्यानं. बायकोनं घरी बसून बिड्या वळल्या. तेंदूचं पान हातात आलं की बाई बोटानंच ओळखायची, चीर कुठं आहे ते. गप्पा शेजारणीशी चालू, नजर रस्त्यावर, कोण कुणाच्या गाडीवर बसून गेलं त्यावर, आणि बोट पानावर. वाईट पान कधी सुपात गेलं नाही.

मग ऑटो आले, ई-रिक्षा आल्या, टांग्यात कोण बसतो? म्हातारा तांबडा घोडा गेला तेव्हा सेवकरामनं वरातीसाठी पांढरी घोडी आणली. नाव ठेवलं भागीरथाबाईनं: बर्फी. घोडी यांची, पण खोगीर, झूल, छत्री, डीजे असा बाकीचा सगळा थाट खेमराजचा. खेमराज म्हणजे वरातीच्या सजावटीचा धंदेवाला. पोट पुढं, माणूस मागं. वराती त्यानं धरायच्या, घोडी यांनी न्यायची, असं चार वर्षं गुण्यागोविंदानं चाललं.

अन् यंदा घोडी बिघडली.

आधी दोन वरातींत तिनं लाथा झाडल्या. तिसरी वरात तिरोड्याची. नवरदेव चंद्रकुमार, चांगला नव्वद किलोचा ऐवज. लग्नमंडप हाकेच्या अंतरावर, वऱ्हाडी नाचात गुंग, आणि बर्फी जी मागच्या पायांवर उभी झाली ती नवरदेवाला शेणखतावर ठेवूनच खाली आली. सेहरा नालीत. नवरी गच्चीवरून बघून राहिली होती, तिला हसू आवरेना. ते लग्न लागलं, पण खेमराजचं नाव तालुकाभर झालं.

दुसऱ्या दिवशी तो अंगणात येऊन गरजला, "ये घोडी पागल हो गई है! सेवकराम, काट्याचा लगाम लावा इले, नाई तर काढून टाका."

"तो लगाम आधी तुमच्या तोंडात घालून पाहू, खेमराजभाऊ," आतून आवाज आला. "तुमचंबी तोंड लय चालून राहिलं."

शेजारची जमुनाबाई कळवळ्यानं म्हणाली, "नजर लागली वो बाई. लिंबू उतरवून टाक."

"भिंतीवर फोटो कोणाचा हाये ते पाय, मंग लिंबाचं सांग. आमच्या घरी नजर-बिजर मानत नाईत. लिंबू असन तर दे, भाजीवर पिळतो."

सेवकराम मात्र काही बोलला नाही, आणि हा माणूस बोलत नाही तेव्हा काही तरी करून बसलेला असतो. बसलाच होता. वीटभट्टीवाल्याला शब्द देऊन आला होता. रविवारी पिकअप येणार, बर्फी भट्टीवर जाणार. तिथं विटा ओढता ओढता जनावर किती दिवस टिकतं हे फुलचूरमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

"राजदीपचे बाबा, हे तुम्ही मले न विचारता केलं?"

"अवं, उद्या कोणाचा जीव जाईन तिच्या पायी. मी तीस वरसं घोडे सांभाळले. मले समजते, कोणता घोडा दुखते अन् कोणता नखरे करते. पाठ पाह्यली मी तिची. कुठं घाव नाई. अन् खोगीर लागलं असतं तर त्या जाग्यावर पांढरे केस आले असते. आपल्या तांबड्याले आले होते का नाई? इच्या पाठीवर एक पांढरा केस दाखव मले."

भागीरथाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. कपाळावरची आठी पण सुटली, इतकी.

"पांढरा केस," ती म्हणाली. "पांढऱ्या घोडीवर."

सेवकरामनं वळून घोडीकडं पाहिलं.

"तीस वरसं घोडे सांभाळले म्हणते! अवो, तांबड्यावर पांढरा दिसन, काळ्यावर दिसन. इच्यावर काय हिरवा उगवन?"

सेवकराम म्हणाला, तरी शब्द दिला तो दिला. ती म्हणाली, "शब्द तुम्ही देल्ला, तर भट्टीवर तुम्ही जा. घोडी जाणार नाई." पण अंगणात एकटीनं ओरडून पिकअप थांबत नाही हे तिलाही कळत होतं. हातात काही तरी पाहिजे होतं. आणि रविवारला चार दिवस होते.

डीजे सोडून खेमराजचा सगळा थाट यांच्याच छपरीत ठेवलेला असायचा. बाईनं तो एकेक करून काढला. सेवकराम खाटेवर बसून बघतोय, बघत नाही असं दाखवतोय. आधी शेजारच्या टिंकूचा स्पीकर आणून घोडीच्या कानापाशी डीजेचं गाणं लावलं. जमुनाबाईच्या घरचं लेकरू उठलं, कोंबड्या पळाल्या, बर्फीनं गवत खाल्लं. फटाक्यांची एक लड लावली. बर्फीनं मान वर केली आणि परत खाली घातली. मग तुरा बांधला, घुंगरू बांधले, झूल टाकली. घोडी नवरीसारखी उभी. शेवटी खोगीर. ते नुसतं पुढं आणलं तर बर्फीचे कान मागं गेले. पाठीवर टेकवून पोटाखालचा पट्टा ओढला तर मान वळवून चावायला आली.

"आता धानाचा कट्टा आणा," ती नवऱ्याला म्हणाली.

"कायले?"

"नवरदेव म्हणून. तुम्ही बसता का?"

सेवकरामनं कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, आणला. खोगिरावर ठेवला न ठेवला तोच लाथ अशी आली की सेवकराम धानाच्या कट्ट्यासकट जमुनाबाईच्या अंगणात. मग बाईनं खोगीर काढलं, जुनी गोधडी चौघडी करून पाठीवर टाकली आणि तोच धानाचा कट्टा तिच्यावर ठेवायला लावला. सेवकरामनं तो लांबूनच, हात ताणून ठेवला. बर्फीनं कान हलवले. माशी होती.

नंतर गोधडी बाजूला करून भागीरथाबाईनं घोडीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मानेपासून मागं, हळूहळू, वाईट पान शोधत असल्यासारखा. कण्याच्या डाव्या बाजूला, चार बोटांवर, अंगठा टेकला आणि कातडं सरसरलं. पाठ खाली दबली. परत टेकवला, परत दबली. घाव नाही, रक्त नाही, सूजही नाही. वरून बघणाऱ्याला जन्मात दिसलं नसतं.

"इथं," ती म्हणाली. सेवकराम परत खाटेवर जाऊन बसला होता, तो उठला नाही. पण हातातला चहा गार करून बसला.

रविवारी पिकअप आली. खेमराजही आला, कारण गुरुवारी त्याला आमगावची वरात होती आणि दुसरी घोडी बघायची होती. भागीरथाबाईनं खोगीर अंगणात आणून आपटलं.

"हे फाडा. आत काही तरी लागून राहिलं तिले."

खेमराजनं छातीला हात लावला. "फाडू? बाई, दिवाळीत नवीन मखमल चढवली याले! जरीकाम पहा! शकुनाचं खोगीर आहे हे. मेरे बाप के जमाने का. गादीसारखं नरम. हात लावून पहा."

"हात नाई लावायचा. पाठ लावायची. तुम्ही व्हा ओणवे."

"क्या?"

"नरम हाये ना? मंग भेता कायले? ओणवे व्हा."

अंगणात आता जमुनाबाई, तिच्या दोन जावा, टिंकू, पिकअपचा ड्रायव्हर आणि रस्त्यानं जाणारे चार जण जमले होते. जमुनाबाई म्हणाली, "सेठ भेले वाटते." खेमराजला हे ऐकून चालणार होतं का? सदरा काढून बनियनवर तो चार पायांवर उभा राहिला. तसा तो शोभलाही. भागीरथाबाईनं खोगीर पाठीवर ठेवलं, पट्टा पोटाखालून घेतला. तो पुरेना, तर शेवटच्या भोकात अडकवला, आणि साडी सावरून वर बसली.

पहिला श्वास काही झालं नाही. खेमराज हसलाही. मग बाई जराशी डावीकडं झुकली, नवरदेव डीजेवर झुकतो तशी.

"अयाई! अवं उतर! उतर वो माय!"

"नखरे नका करू, सेठ."

"टोचून राहिलं! हड्डी में घुस गया! सेवकराम, इले उतरव!"

"काट्याचा लगाम आणू का?" बाईनं वरूनच विचारलं. ड्रायव्हर पिकअपला टेकून हसत हसत खाली बसला होता.

उतरली तेव्हा खेमराजनं स्वतःच टिंकूकडून ब्लेड मागितलं. लाल मखमल निघाली. तिच्याखाली जांभळी, तिच्याखाली हिरवी, मग परत लाल. दर दोन-तीन सीझनला जुन्यावर नवीन शिवत गेलेलं, आत काय झालं ते बापापासून कुणीच उघडून बघितलं नव्हतं. तळाशी लाकडी सांगाडा निघाला, डाव्या बाजूनं चिरलेला. चिरेची धार आणि एक वाकडा खिळा, दोन्ही खालच्या अंगाला. रिकामं खोगीर दाबून बघा, गादी. वर माणूस बसला की चीर फाकायची आणि खिळा खाली यायचा. खेमराज एका हातानं पाठ चोळत होता.

सेवकराम उठला. पिकअपजवळ गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मालकाले सांग, घोडी देणं नाई. शिव्या द्याच्या असतील तर मले द्या म्हणा, मी घरीच राहतो." आणि तसाच बर्फीपाशी जाऊन त्यानं तिच्या पाठीवर अंगठा टेकवला. कातडं सरसरलं. तो हळूच म्हणाला, "चुकलो वो बाई."

लग्नाला सदतीस वर्षं झाली, या माणसानं हे वाक्य घरात कधी काढलं नव्हतं. "इकडंबी एक येऊ द्या," भागीरथाबाई म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही म्हणे.

संध्याकाळी खेमराजचा फोन आला. आवाजात मध. "वैनी, झालं ते झालं. मी नवीन खोगीर घेऊन राहिलो, एकदम हलकं. गुरुवारी बर्फीले पाठवा. आमगावची पार्टी मोठी आहे."

"ढोरांच्या डॉक्टरीणबाई दुपारी येऊन पाहून गेल्या. दोन महिने पाठीवर काही ठेवायचं नाई."

"एकच वरात, वैनी. नवरदेव बारीक आहे."

"बारीक असो का जाडा."

सेवकराम खुणा करत होता, हो म्हण, सीझन चाललाय, एकच तर आहे. तिनं त्याच्याकडं पाठ केली.

"अन् त्याच्या बादबी, खोगीर आधी माह्या अंगठ्याखालून जाईन, मंग घोडीवर. नवरदेवबी तिनं कान मागं केले का तिथंच उतरन. मंजूर असन तर फोन करजा."

"अवो वैनी, पण गुरुवारी मी काय करू? नवरदेव मंडपात जाईल कसा?"

"काऊन? त्याले पाय नाईत?" भागीरथाबाई म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.