नकाशात पुसलेला वारा
शेजारी सुके बोंबील भाजल्याचा वास आला की मला माझ्या मित्राची आई आठवते, आणि तिच्याआधी परळमधली ती शेड. संपात बंद पडलेल्या गिरणीच्या जागेत आमचा स्टुडिओ होता. वडील जिथे कापड विणायच्या साच्यांवर घाम गाळायचे, तिथेच मी एसीत बसून टीव्हीसाठी हवामानाची हलती चित्रं करायचो. अंदाजाचे आकडे काही तासांच्या अंतराने यायचे, त्यामुळे पडद्यावर ढग आणि वारा उड्या मारत. साहेबांना ते खपत नसे, म्हणून मधली चित्रं मी सरासरी काढून भरायचो, म्हणजे सगळं कसं अलगद सरकायचं. एके दिवशी किनाऱ्याजवळ जोराच्या वाऱ्याचा एक लाल ठिपका मधेच उमटून नाहीसा होत होता. आकड्यांतली चूक समजून मी तो आजूबाजूच्या, शांत वाऱ्याच्या निळ्यात मिसळून टाकला. तेवढ्यात माहीमच्या कोळीवाड्यातल्या मित्राचा फोन आला. "काय हवामानवाले, होडी काढू ना रे?" समोरच्या पडद्याकडे बघत मी म्हणालो, "काढ बिनधास्त. सगळं निळं आहे." दुसऱ्या दिवशी होडी उलटी सापडली, तो सापडलाच नाही. मी भेटायला गेलो तेव्हा दारात बसलेल्या त्याच्या आईने मलाच जवळ घेतलं. "रडू नको रं पोरा. वारं काय तुज्या हातात हाय?" "नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं ठरवून पुढेही कितीदा गेलो, आणि दर वेळी तिच्या हातचं जेवून परत आलो. गेल्या वर्षी ती वारली, म्हणून आता लिहायचं धाडस होतंय.