नार्व्याच्या तळ्यावर

वळण संपलं आणि नार्व्याचा धक्का दिसला. होड्या बांधून ठेवलेल्या, पलीकडे नदी करडी, संथ. विनय गाडीतून उतरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. पक्षाघातानंतर माझ्या नवऱ्याचा डावा हात पुरता वळत नव्हता. त्याआधी एकही हिवाळा त्याने वल्हं हातात घेतल्याशिवाय घालवला नव्हता. डॉक्टरांनी नाइलाजाने होकार दिला आणि आम्ही कोल्हापूरहून निघालो.

गावामागे झाडीत तळं आहे. तिथे कयाक भाड्याने देणाऱ्या शांताराम आणि शोभाताईंच्या घरीच आम्ही उतरलो. शोभाताईंनी उंडे (जाड पाव) आणि अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी) वाढलं. आभाळ भरलंय, वारा उठेल, काठाकाठानेच फिरा, असं शांताराम दोनदा म्हणाले.

पाणी काळपट होतं. सुरुवातीला आम्ही दोघं एकाच कयाकमधून सरळ गेलो, विनय हसलासुद्धा. मग त्याने कयाक तळ्याच्या मध्याकडे वळवली. वारा आला, त्याचा डावा हात वल्ह्यावरून सुटला. वल्हं पकडायला तो वाकला आणि आम्ही उलटलो.

लाइफ जॅकेटमुळे मी वर आले. विनयने उजव्या हाताने कयाक धरली होती, पण त्याला चढता येईना. मी ढकलत होते, तो घसरत होता. शेवटी त्याने धडपडणंच थांबवलं. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

शांताराम होडी घेऊन आले. "वहिनी, तुमी हालूं नाकात. आदीं भावाक घेतां." (हलू नका, आधी भाऊंना घेतो.)

संध्याकाळी शोभाताईंनी गरम पेज दिली. विनयने ती तशीच ठेवली.

"हा हात परत येणार नाही. मला माहीत होतं," तो म्हणाला. "आज तुला बुडवलं असतं मी."

येईल, असंच मी आजवर म्हणत आले होते. त्या संध्याकाळी म्हणवलं नाही.

सकाळी निघालो. गाडी मी चालवत होते. तळं सुंदर आहे, शांत आहे, कुणी विचारलं तर जा म्हणेन. आम्ही मात्र पुन्हा जाऊ असं वाटत नाही.

धारगळला हमरस्त्यावर पातळभाजी (वाटाण्याची पातळ उसळ) आणि पाव खायला थांबलो. बाकावर अनोळखी माणसं होती. विनयने बशी माझ्याकडे सरकवली.

"पाव मोडून दे," तो म्हणाला. आजारपणानंतर त्याने असं कधी मागितलं नव्हतं.

पाव मऊ होता. तरी तो मोडायला मला वेळ लागला.