छिद्रावरचं गोपीचंदन

नव्या हार्डडिस्कमधून टिक्-टिक् यायला लागलं तेव्हा आधी मला मजाच वाटली, हे कबूल करते. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते ऐकायची खोड मला लहानपणापासून. रेडिओ, मिक्सर, शेजारणीचं शिलाई मशीन, काही म्हणून सोडलं नाही. संगणकाच्या डब्याला कान लावला. तीन टिक्, मग किर्र, मग शांत. पुन्हा तीन.

"अक्का, ऐक गे, दर वेळी मोजून तीनच!" मी ओरडले.

अक्का, माझी थोरली बहीण, आतून आली, पडद्याकडे बघितलं आणि कळफलक पुढ्यात ओढून घेतला. कुतूहल माझं होतं, प्रबंध तिचा. तीन वर्षं ती कुंभकोणमहून सकाळच्या बसने आडुतुरैच्या भात-संशोधन केंद्रात जाऊन भाताच्या लोंब्यांतले दाणे मोजत होती. त्या मोजणीचे सहाही अध्याय ह्या डिस्कवर होते आणि विद्यापीठाची शेवटची तारीख अकरा दिवसांवर आली होती. पाचवा अध्याय उघडला, तर पहिली चार पानं धड आणि पुढे नुसते बदाम, किलवर, चौकट, मधूनच दात नसलेली हसरी तोंडं. भाताचा एक दाणा शिल्लक नव्हता.

"दुसरी प्रत ठेवली आहेस ना?" तिने विचारलं.

नव्हती ठेवली. जुनी डिस्क दुकानदाराने बदल्यात घेतली होती, आणि फ्लॉप्यांना आमच्या नदीकाठच्या दमट हवेत बुरशी लागली होती. नव्या आणते, आणते म्हणत मीच टाळत होते. गावातल्या संगणकाच्या क्लासात शिकवायची मी! प्रत ठेवा, प्रत ठेवा म्हणून मुलांचं डोकं खायची. काय बोलणार, डोंबल?

त्रिचीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, थंड असताना चालते का बघा, चालेल तेवढ्यात काय ते काढून घ्या. थंड असताना? हे काय नवीन? दुसऱ्या दिवशी सकाळी लावली, तर बाईसाहेब वीस मिनिटं गुणी पोरीसारख्या चालल्या. मग टिक्-टिक्. तासभर थांबून पुन्हा लावली, पुन्हा वीस मिनिटं. हिला तापण्याचं वावडं का असावं? मला राहवेना. स्क्रू काढले आणि डिस्क उजेडात धरली.

तिच्या पाठीवर चक्राची मुद्रा होती.

आम्ही वैष्णव. मराठे राजे तंजावरला आले त्यांच्या मागून आलेली आमची कुळं. घरात जुन्या वळणाचं मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आप्पा, म्हणजे आमचे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर. रोज स्नान झालं की सहाणेवर गोपीचंदन उगाळायचे आणि पितळी छापांनी अंगावर शंख-चक्राच्या मुद्रा लावायचे. घरात नवी वस्तू आली की तिलाही एक. आमच्या सायकलीला मुद्रा, कुकरला मुद्रा, विजेच्या मीटरलासुद्धा मुद्रा. सरस्वतीपूजेला ही डिस्क पुस्तकांबरोबर देवापुढे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मीच ती बसवली, पण मुद्रा काही डोळ्यांत भरली नाही. रोजचं कुंकू कुणाला दिसतं?

माती वाळून घट्ट बसली होती. नखाने खरवडली, तर खाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक, भोकाकडे बाण, आणि शेजारी बारीक इंग्रजीत छापलेलं, हे छिद्र झाकू नये.

अगबाई! डिस्क श्वास घेते! आतली हवा तापते, फुगते, तिला वाट हवी असते. क्षणभर मी इतकी खूश झाले की अक्काचा प्रबंधच विसरले. मग तो आठवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पा नुकते पूजेवरून उठत होते.

"आप्पा, तुमच्या मुद्रेने अक्काची तीन वर्षं गिळली! एवढं छापलेलं वाचता येत नाही तुम्हांला?"

जन्मभर ज्यांनी शिकवलं त्यांना मी हे विचारलं. पूजेला ते चष्मा काढून बसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. अक्का तेवढी म्हणाली, "गप्प बस गे."

भोक मोकळं केल्यावर डिस्क चांगली झाली म्हणता? विसाची पंचवीस मिनिटं झाली, बस्स. मग खरा दोष मुद्रेचा, की ती दुकानातूनच नासकी आली होती? मला आजही माहीत नाही, आणि ते मला अजून कुरतडतं. पण तुमचा दोष नसेलही, एवढं तरी आप्पांना तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझा राग उतरायला वेळ लागतो.

पुढचे तीन दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटांनी आम्ही एकेक अध्याय नव्या फ्लॉप्यांवर काढला. आप्पा न बोलावता ताडाचा पंखा घेऊन डिस्कशेजारी बसायचे. त्यांच्या वाऱ्याने आणखी पाच-सात मिनिटं मिळायची. पाचवा सोडून बाकीचे पाच अध्याय सुटले. पाचव्याचे तक्ते मात्र गेलेच. अक्काने शेतातल्या वह्या आणल्या आणि आप्पा म्हणाले, "सरासऱ्या मी काढतो." पेन्सिल, पाठकोरे कागद, सकाळ ते संध्याकाळ. ते आकडे सांगत, मी क्लासातल्या संगणकावर जाऊन भरून येई.

शेवटच्या तक्त्याशी घोडं अडलं. वाचलेल्या चार पानांत अक्काने त्याचा निष्कर्ष आधीच लिहिला होता. तो आकडा एक आणि आप्पांचा दुसराच. आता आप्पा म्हणजे बँकेशी, वाण्याशी, एकदा तर पंचांगाशीही गणितावरून भांडलेला माणूस. आपली बेरीज चुकली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "संगणकाचा आकडा ठेवा."

मी वही ओढून घेतली आणि दुपारभर एकेक दाणा पुन्हा मोजला. चूक अक्काची होती. एक वाफा तिने संगणकात दोनदा भरला होता, आणि सगळा अध्याय त्या चुकीच्या आकड्यावर उभा होता. परीक्षकांनी तो हमखास धरला असता. तिने निष्कर्ष पुन्हा लिहिला, प्रबंध शेवटच्या दिवशी का होईना, वेळेत गेला, आणि पुढे ती डॉक्टर झाली.

पण त्या दुपारी मी वही घेऊन धावतच आप्पांकडे गेले होते. "आप्पा, तुमचंच बरोबर! संगणक चुकला, अक्का चुकली, तुम्ही नाही!"

मला वाटलं, आता गरजतील, बघितलंस, म्हणतील. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आणखी एकदा मोजून बघ गे," ते म्हणाले. "मजवर विसंबू नकोस."