थोरल्या नणंदेचा आवाज

गंगापूर नाक्यापासून निफाडपर्यंत अशी बाई सापडणं कठीण, जिच्या डोळ्याची खालची पापणी माझ्या थोरल्या नणंदेनं ओढून पाहिलेली नाही. बाई दिसली की ताई आधी पापणी ओढतात, आत लाली आहे की पांढरंफटक पडलंय ते बघतात आणि मग "कशी आहेस?" म्हणून विचारतात. उत्तराशी त्यांना देणंघेणं नसतं, ते पापणीत मिळालेलं असतं. भाजीवालीची ओढली, पोळ्या लाटणाऱ्या मावशींची ओढली, विजेचं मीटर बघायला आलेल्या मुलीची ओढली. एकदा तर माझ्या जावेच्या बहिणीच्या लग्नात स्टेजवर आशीर्वाद द्यायला गेल्या आणि नवरीचीच ओढली. त्या अल्बममध्ये तो फोटो आहे. नवरदेव कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, नवरीचा एक डोळा खाली ओढलेला आहे आणि ताई वाकून त्यात बघतायत. फोटोग्राफरनं तोच नेमका मोठा करून दिलाय. बरं, तक्रार करायची सोय नाही, कारण पुढच्याच आठवड्यात नवरीचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं की हळदीत ती उभी कशी राहिली याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

ताई बायकांच्या डॉक्टर आहेत. नाशकात त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे आणि निम्म्या जिल्ह्याच्या बाळंतपणांची खबर त्यांना तोंडपाठ आहे. आवाज मात्र देवानं त्यांना शेतात हाका मारायला दिला होता, तो त्यांनी दवाखान्यात आणला. तपासणीच्या खोलीचं दार बंद केलं तरी आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. पेशंटची गोष्ट बाहेर जाता कामा नये याबाबत ताई भयंकर कडक, पण आवाज कमी करणं काही त्यांच्या हातातलं नाही. मग त्यांनी बाहेरच्या हॉलमध्ये एक जुना पत्र्याचा कूलर बसवला. तो बारा महिने खडखडत असतो. जानेवारीत नाशकात दात वाजायची थंडी पडते, तेव्हाही बायका स्वेटर, शाल, कानटोपी घालून त्या कूलरसमोर मुकाट बसलेल्या असतात. एखाद्या नव्या बाईला वाटतं, बंद करायला विसरले वाटतं. ती उठून बटण दाबते. तेवढ्यात आतून "खाज कधीपासून आहे?" असं दणदणीत ऐकू येतं, आणि ती कूलर परत चालू करून पदर घट्ट लपेटून बसते.

आडवळणानं बोललेलं ताईंना खपत नाही. बाई म्हणाली, "मला जरा अडचण आहे," की ताई पेन खाली ठेवतात. "नळाला पाणी नाही ही अडचण. तुझी पाळी येत नाही, का जास्त येते, का दुखते, ते सांग." बाई लाजून जमिनीकडे बघते आणि मग एकदा सुरू झाली की अर्धा तास थांबत नाही. समजावून सांगायला ताईंना फळं लागतात. गर्भाशय म्हणजे उलटा धरलेला पेरू, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो इतक्यांदा कापून दाखवलाय की माझ्या नवऱ्यानं पेरू खाणं सोडून दिलं.

निफाडकडचे एक बागायतदार मुलीला घेऊन आले होते. मुलीची पाळी तीन-तीन, चार-चार महिने लांबायची. कुठेतरी सोनोग्राफीत "बीजकोशाला गाठी आहेत" एवढंच कानावर पडलं होतं, तेवढ्यानं बापाच्या तोंडचं पाणी पळालेलं. ताईंनी त्यांनीच आणलेल्या पेटीतला द्राक्षाचा घड उचलला. "या तसल्या गाठी नाहीत हो. मणी भरपूर धरलेत, पण एकही पुरता वाढत नाही, असं झालंय." बापाला लगेच उमगलं. "असं व्हय. मंग मणी काढून विरळणी करायची का, डॉक्टर?" "विरळणी तुमच्या बागेत करा. हिला रोज तासभर चालायला लावा, तळकट कमी करा, लागल्या तर गोळ्या मी देईन. आणि लग्न केलं की आपोआप बरं होतं असं जो कोणी सांगेल, त्याला माझ्याकडे पाठवा." मुलगी हसली. बाप म्हणाला, "त्यो सांगणारा मीच हाय, डॉक्टर."

घरात पूजा किंवा लग्न निघालं की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात रांग लागते. श्रावणात तर विचारू नका. एकदा एक सून आली, तिला अर्धशिशी होती, बीपी वाढलेलं होतं, आणि घरी सत्यनारायण. ताई म्हणाल्या, "तुला या गोळ्या द्यायच्या नाहीत." सून रडकुंडीला आली, सासू बाहेर कूलरसमोर बसलेली. ताईंनी सरळ गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, पूजा आठ दिवस पुढं ढकलता येते का? येते ना? मग तिची पाळी कशाला ढकलायची?" पलीकडून पंचांगाची पानं चाळल्याचा आवाज आला. मग गुरुजी म्हणाले, "पुढचा गुरुवार उत्तम आहे." तेव्हापासून ते गुरुजी कुणालाही तारीख देताना "आधी घरात विचारून घ्या" असं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पंचांगातलंच काहीतरी असेल.

आणि पिशवी. गर्भपिशवी काढून टाका म्हणून हट्ट धरणाऱ्या बायका येतात, त्यांच्याशी ताईंचं हाडवैर. खरंच गरज असेल तिची काढतात, पण आधी दहा वेळा तपासतात. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणारी एक बाई आली होती, जेमतेम पस्तिशीची. "दोन पोरं झाली बाई, आता तिचं काय काम हाय? लय रक्त जातं. सीझनच्या आत काढून टाका." ताई म्हणाल्या, "दोन पोरं झाली, मग आता नवऱ्याचं तरी काय काम आहे? त्यालाही काढून टाकायचं का?" बाईनं खरोखर विचार केला. म्हणाली, "नाय, तो ट्रॅक्टर चालवतो." तिचं पुढं औषधांवरच भागलं. नवराही शाबूत आहे.

आता एवढं सगळं दवाखान्यात चालतं तोवर ठीक. पण ताई हेच लग्नात, बारशात, हळदीकुंकवात सुरू करतात. कुणाचं नाव घेत नाहीत, पण विषय असा काढतात की मांडवातले पुरुष एकेक करून पानाच्या स्टॉलकडे सरकतात. मी येवल्याची. आमच्या घरी पाळीला नावच नव्हतं, आई नुसती हातानं खूण करायची. त्यामुळे लग्नात ताई दिसल्या की मी दोन टेबलं सोडून बसायची. माझ्या सासूबाई, म्हणजे ताईंची सख्खी आई, त्या तर चार टेबलं सोडून. सासूबाई ब्लाउजचं मापसुद्धा शिंप्याला देत नाहीत, जुना ब्लाउज पाठवतात. अशा बाईच्या पोटी ताई कशा आल्या, हा आमच्या घरातला जुना प्रश्न आहे.

मागच्या थंडीत सासूबाई स्वतःचे कपडे हातानं धुवायला लागल्या. घरात मशीन असताना. मला आधी वाटलं माझ्यावर रागावल्या असतील. मग एक दिवस बादलीत भिजत घातलेला परकर दिसला. डाग होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या परकरावर, जिची पाळी जाऊन पंचवीस वर्षं झाली. ताईंनी लग्नाच्या निरनिराळ्या लॉन्समध्ये हजारदा ओरडून सांगितलं होतं की पाळी गेल्यानंतर थेंबभर रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं, कॅन्सरची सुरुवात असू शकते. "आई, कधीपासून?" "पावसाळ्यापासून," त्या म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरला. "तुला माझी शपथ आहे, तिला सांगायचं नाही." "अहो, त्या याच्याच डॉक्टर आहेत ना." "म्हणूनच. उद्या कुणाच्या तरी हळदीत माझा पेरू कापेल ती."

मी हसले आणि नंतर मोरीत जाऊन रडले. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर म्हणे नाशकातल्या सगळ्या डॉक्टर मला तिची आई म्हणून ओळखतात. चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी शपथ गेली खड्ड्यात म्हटलं आणि दवाखान्यात जाऊन कूलरसमोर नंबर लावून बसले. आत गेल्यावर सगळं एका दमात सांगून टाकलं. ताईंनी काहीतरी विचारलं, ते मला ऐकूच आलं नाही. इतका हळू आवाज त्यांना काढता येतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी परत विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?" खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणाले, "तुम्ही लग्नात सांगाल म्हणून." ताई नुसत्या टेबलावरच्या कागदांची टोकं जुळवत बसल्या.

त्यांनी आईला स्वतः तपासलं नाही. कॉलेजातल्या एका जुन्या मैत्रिणीच्या दवाखान्यात नेलं, आणि स्वतः बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या, कुणाही पेशंटच्या मुलीसारख्या. आत पिशवीत एक बारीक कोंब, पॉलिप म्हणतात तो, निघाला. तो काढला, तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. रिपोर्ट साफ आला. कॅन्सर नाही, काही नाही. सासूबाई आनंदानं दोन घास जास्त जेवल्या आणि परत मशीनमध्ये कपडे टाकायला लागल्या.

खचल्या त्या ताई. आवाजच बसला. दवाखान्यात इतक्या हळू बोलायला लागल्या की कूलरची गरज उरली नाही, तो बंद झाला. बायकांना चैन पडेना. एक पेठकडची आजी मला विचारत होती, "डॉक्टरीणबाईला बरं नाही का? रागवत नाही मला." घरी आल्या तरी ताई हवेबद्दल बोलायच्या. हवेबद्दल. माझा नवरा म्हणाला, आता पेरू खायला हरकत नाही, तर मी त्याच्यावर खेकसले.

मग फेब्रुवारीत आडगावच्या पुढं एका लॉन्समध्ये चुलत भाच्याचं लग्न होतं. ताई ताट घेऊन एका कोपऱ्यात बसलेल्या, आणि सासूबाई या खेपेला त्यांच्याच टेबलावर, पण दोघींत दोन खुर्च्या रिकाम्या. एक चुलत जाऊ ताईंच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. ताई पुटपुटल्या, "ओपीडीत ये," आणि परत भातात चमचा फिरवायला लागल्या. दुसरी कुणी आली, घुटमळली आणि निघून गेली. मला ते बघवेना. आयुष्यभर जिचा आवाज नको नको झाला होता, तिचा तोच आवाज मला आता हवा होता. या बाईच्या आरडाओरड्यामुळेच मला त्या परकराचा अर्थ कळला होता, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मी उठले.

"ताई," मी म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले. "माझी पाळी दोन महिने आलेली नाही. आणि मध्येच अंगातून वाफा निघतात. काय करू?"

जिलबी वाढणारा तसाच थांबला. माझा नवरा मठ्ठा आणायला गेला होता, तो मठ्ठ्याजवळच राहिला. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, हळू बोल." माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला हे सांगितलं असेल.

"हळू का?" सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना चक्कर येणार. तर त्या चांगल्या ताठ बसल्या होत्या. "पन्नाशीला आलीय ती, होणारच. रात्री पंखा पाचवर करते आणि आम्ही सगळे कुडकुडतो, तेही सांग ना गं हिला." मग शेजारच्या विहीणबाईंकडे वळून, तीन टेबलांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "ही माझी मुलगी. पाळी गेल्यावर मला परत अंगावरून जात होतं. सहा महिने मी हिला सांगितलं नाही. पोटच्या पोरीला."

ताईंनी ताट बाजूला सारलं. मग उठून मधल्या दोन खुर्च्या ओलांडल्या आणि आईला लागून बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "सांग आता हिला काय करायचं ते. मीही ऐकते." ताईंनी सुरुवात केली. पहिलं वाक्य थरथरलं, दुसरं बरं निघालं, आणि तिसऱ्या वाक्याला मागच्या बायका खुर्च्या ओढत पुढं आल्या. पुरुष पानाकडे निघाले. सासूबाई ऐकत होत्या की नुसत्या लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या, कोण जाणे. बोलताना ताईंनी आईचा हात धरून ठेवला होता. लग्न होऊन या घरात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण या दोघींना असं हातात हात घेऊन बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.