मागता न येणारे खानोलकरसर

खानोलकरसरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलुंडच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर, उकिडवे बसून फक्कीने खो-खोच्या रेषा आखताना. मी जिमखान्यात शिपाई म्हणून नुकतीच लागले होते. वाटलं, हा आपल्यातलाच कोणी.

"अहो दादा, खेळाचे सर कुठे बसतात?"

"सध्या इथे, उकिडवे," सर म्हणाले.

तेव्हापासून सरांची थट्टा करायचा हक्क मी घेऊन टाकला. सरांनीही तो आजच्या या पंच्याहत्तरीपर्यंत चालू दिला.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. पैसे नाहीत, जूनपासून मुलींचा खो-खो बंद, असं कॉलेजने ठरवलं. माझी नंदा त्या टीममध्ये. खेळाडू म्हणून तिला फी माफ. आमचे हे गेल्यापासून घर माझ्या पगारावर. खो-खो गेला की नंदाचं कॉलेजही गेलं. सर म्हणाले, "देणगीदार शोधू."

पण सरांना मागताच येत नाही हो! घाटकोपरला एका कापडवाल्या शेठकडे गेले, चहा प्यायले, त्यांच्या नातवाचं कौतुक केलं आणि त्यांच्याच गणपती मंडळाची पावती फाडून आले.

"सर, वर्गणी आणायला गेला होता की द्यायला?"

"ते इतक्या प्रेमाने बोलत होते, सुलूबाई..."

"मग आता टीमला त्यांच्या आरतीला उभं करा!"

सर हसले नाहीत. "खो-खो बंद होतोय हे नंदाला एवढ्यात सांगू नका," एवढंच म्हणाले.

पुढे संक्रांत आली. सर मुलींना घेऊन सोसायट्यांमधून तिळगूळ वाटायला निघाले. पैशाचा शब्द काढायचा नाही. तिळगूळ द्यायचा आणि रविवारी खेळ बघायला बोलवायचं. हळदीकुंकवाचे दिवस, माझ्यासारखीने दारात पुढे होऊ नये, म्हणून मी जिन्यात मागे राहिले. सरांनी डबा माझ्याच हातात दिला.

"पुढे व्हा सुलूबाई. मला बोलता येत नाही आणि तुम्हाला थांबता येत नाही."

आमचे हे गेल्यावर मला कुणी पहिल्यांदा पुढे केलं, ते असं. टोमणा मारून.

रविवारी माणसं आली. ते शेठही आले. नंदाने खांबाजवळ सूर मारला, गुडघा फोडून घेतला, माती झटकून उठली. शेठ खुर्चीवरून उठून ओरडले, "अरे वा रे छोकरी!"

"आज पोटभर बघून घ्या शेठ," सर म्हणाले. "जूनपासून बंद आहे."

"बंद? कशाला?"

सर वाकून फक्कीची रेषा सारखी करायला लागले! मग मीच पदर पसरला. "शेठ, हा भरला की चालू!"

भरला. तरी कमी पडलं ते शेठनी आपल्यावर घेतलं. जूनमध्ये मुली मैदानावर होत्या. नंदा बीए झाली, आता शाळेत खो-खो शिकवते.

सर, तुम्ही आता बाकावर बसून खेळ बघता. गुडघ्यांना तेल लावत जा, गोळ्या चुकवू नका. मुली दमून खेळ सोडत नाहीत तोवर तुम्ही तिथून हलायचं नाही. आणि तुमच्या मुली काही दमायच्या नाहीत.