आयसिल्डाची भांडी आणि बेसचा आकडा

व्हर्नल टलॉकला आवाजातलं काय कळतं, असं कुणी विचारलं तर किंग्स्टनच्या पश्चिमेची ती अख्खी गल्ली विचारणाऱ्यालाच वेड्यात काढील. कपाटाएवढे स्पीकरचे खोके त्यानं स्वतः प्लायवूड कापून जोडले, त्यांना 'टॅमरिंड हाय-फाय' असं नाव दिलं, आणि लग्न असो, मयत असो की नुसताच शनिवार, त्या खोक्यांनी गल्लीच्या बरगड्या हलवल्या. तोच व्हर्नल आज भर दुपारी अंगणातल्या चिंचेखाली एका नव्याकोऱ्या यंत्रापुढे बसला होता आणि पहिलाच प्रश्न न आलेल्या परीक्षार्थीसारखा दिसत होता.

आज त्याच्या बायकोची, आयसिल्डाची, नववी रात्र. मेलेलं माणूस नऊ रात्री घराभोवती घुटमळतं. नवव्या रात्री खाऊन-पिऊन, गाऊन-नाचून त्याला वाटेला लावायचं. बोकडाच्या मुंडीचा रस्सा, तळलेले मासे, पांढरी रम हे सगळं बायकांनी अंगावर घेतलं होतं. व्हर्नलकडे एकच काम होतं: तिचं आवडतं गाणं, तिला आवडायचं तसं, पोटभर बेस देऊन वाजवायचं. आणि नेमकं तेवढंच जमेना.

जुनं यंत्र तिच्या आधी महिनाभर गेलं. त्याला आकडे नव्हते, नुसती बटणं होती, झिजून गुळगुळीत झालेली. हे नवं मुलीनं, मार्व्हानं, बर्मिंगहॅमहून पाठवलं होतं. दफन अजून व्हायचं होतं, त्याला ती स्वतः येणार होती. यंत्र आलं ते आकडे, दिवे आणि जाडजूड माहितीपुस्तक घेऊन. त्याचं काम गाण्याचे तुकडे करायचं: खालचा घुमारा मोठ्या खोक्यांना, गाणाऱ्याचा गळा मधल्यांना, वरची सळसळ छोट्यांना. पण सुरी कुठल्या आकड्यावर फिरवायची ते तुम्हीच सांगायचं. वर एक लिमिटर. आवाज हाताबाहेर जायला लागला की हा त्याचा गळा धरणार. घट्ट धरला तर गाणं गुदमरतं, सैल सोडला तर स्पीकरची कॉइल जळते, आणि त्या म्हाताऱ्या स्पीकरांची कॉइल आता किंग्स्टनभर धुंडाळूनही मिळत नव्हती. आज जळली तर आयसिल्डा बेसवाचून जाणार.

"ऐंशीवर काप," लिनव्हल म्हणाला. हा त्याचा जन्माचा जोडीदार, रेकॉर्डी लावणारा.

"काल तर शंभर म्हणालास!"

"काल रविवार होता."

"आणि हे बटरवर्थ, बेसेल कोण?"

"फिल्टर आहेत. त्यातला एक निवडायचा."

"माणसांची नावं वाटतात."

"असतील कुणी साहेबलोक."

"मग माझ्या बायकोच्या नवव्या रात्री त्यांना बोलावलं कुणी?"

ऐंशीवर कापलं तर मधले खोके किंचाळायचे. सव्वाशेवर कापलं तर गाणारा पिंपात बसून गातोय असं वाटायचं. शंभरावर बरं वाटलं, पण मग लिमिटर किती? व्हर्नल वाढवत गेला. लाल दिवा लागला तो विझेचना. त्यानं लिमिटरची पकड आणखी सैल केली.

"कमीच आहे," तो म्हणाला.

"कमी? माझ्या पोटातलं डंपलिंग उड्या मारतंय! कान गेले तुझे, व्ही."

लिनव्हल थट्टेतच बोलला, पण घाव वर्मी लागला. हीच भीती व्हर्नल आठवडाभर गिळत होता. मोठ्या खोक्यातून गरम वास आला तसा त्यानं झटकन सगळं बंद केलं आणि डोक्याला हात लावून बसला.

"कुठं थांबायचं ते मला कळायचं रे. इतकी वर्षं कळत होतं. आता का कळत नाही?"

कळायचं कसं, हा प्रश्न त्यानं कधी स्वतःला विचारलाच नव्हता. तो आज विचारला आणि नजर आपोआप स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. आवाज वाढवत जायचं. मग आतल्या फळीवरची झाकणं किणकिणायची आणि आयसिल्डा ओरडायची, "व्हर्नल! माझी भांडी नाचायला लागली!" हा म्हणायचा, "ऐकलं, ऐकलं!" आणि बटण केसभर मागे घ्यायचा. तिथंच बेस बसायचा. गल्ली ज्याला व्हर्नलचा कान म्हणायची, तो कान स्वयंपाकघरात होता.

तो धावतच आत गेला. फळी नव्हती. चूल दुसऱ्या भिंतीला, टेबल दारात आडवं, भांडी सगळी बाहेर जाळावर. आयसिल्डाच्या बहिणीनं, मर्लीननं, सकाळपासून घर उलटंपालटं केलं होतं. रीतच ती. घर ओळखू आलं नाही की मेलेलं माणूस परत फिरत नाही.

"ती फळी लाव जागेवर," व्हर्नल म्हणाला. "झाकणंसुद्धा."

"डोकं फिरलंय का तुझं? ती बघेल, म्हणेल हे तर माझंच घर, आणि बसेल ठाण मांडून!"

"एकच गाणं, मर्लीन. मला आकडा सापडत नाहीये."

"कसला मेला आकडा! बहीण गेली माझी, आणि तुला आकडे सुचतायत!"

"तिचाच आकडा आहे तो," व्हर्नल म्हणाला. "तीच सांगायची मला."

मर्लीननं ओरडत-पुटपुटतच फळी आणली. "एक गाणं. अंधार पडायच्या आत सगळं पुन्हा उलटं करायचं."

झाकणं फळीवर मांडली. लिनव्हलनं रेकॉर्ड लावली. व्हर्नल बटण फिरवत गेला, हळूहळू, आणि आत एक झाकण किणकिणलं, मग दुसरं, मग सगळीच.

त्याचा हात थांबला. तो वाट बघत होता. बायका जाळापाशी हातातले डाव तसेच धरून उभ्या होत्या. कुणीच ओरडलं नाही.

"व्ही," लिनव्हल हलकेच म्हणाला, "कॉइल जाईल."

"ऐकलं, ऐकलं!" व्हर्नल खिडकीकडे तोंड करून ओरडला आणि बटण केसभर मागे घेतलं.

बेस बसला. गाणाऱ्याचा गळा त्यावर मोकळा झाला. मर्लीन पायरीवर बसली आणि हातांनीच डोळे पुसू लागली. लिनव्हलनं यंत्राकडे वाकून विचारलं, "लिमिटर इथंच बांधू?"

"तिथंच. आकडा मला सांगू नकोस."

गाणं संपल्यावर तो आत गेला. एकेक झाकण उतरवलं, फळी काढून भलत्याच भिंतीला टेकवली, आणि मर्लीनला हातही न लावू देता चूल आणखी लांब ओढली.

"आता नाही ओळखायची ती," मर्लीन म्हणाली.

व्हर्नल दारात उभा होता. पाणी प्यायला पेला घ्यायचा होता, आणि तो कुठं ठेवलाय ते त्याला सापडेना.