फाउंड्रीतल्या कामगारांचा खरा आकडा

मंडळी, आज ऑफिसात माझा पोपट झाला. आमचं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर कोणत्या धंद्यात किती खपेल, याचा अंदाज मी भोसरी-चिंचवडच्या मालकांकडून फॉर्म भरून घेऊन काढला होता. कॉलेज पाहिलं नाही, पण माझ्या बेरजेत चूक सापडत नाही.

तरी साहेबांनी नव्या, पदवीवाल्या कुलकर्णीचा अंदाज उचलला. जळफळत मी त्याच्या चुका शोधायला बसलो. फाउंड्रीतले कामगार त्याने माझ्या दुप्पट धरलेले!

"हे कुठून आणलेत, राव?"

"मालक कामगार कमीच सांगतात, काका. मी प्रत्येक शिफ्टला गेटवरच्या सायकली मोजल्या."

वर मला काका म्हणाला!

या ऑफिसात येण्याआधी, कामगार असताना, असल्याच गेटवर मी वीस वर्षं सायकल लावली. खरं सांगा, तुम्हाला हे सुचलं असतं? नाही म्हणा, तेवढंच बरं वाटेल.